पडदा नसलेले विमान आणि दोन इंच फोम

पाटोद्यासारख्या गावात अटलांटिक महासागरावरच्या विमानांबद्दल बोलायचे म्हणजे तुम्हाला वाटेल, सरांना आता वयोमानाने सुचेनासे झाले आहे. (हशा) आपल्या गावात अजून रेल्वे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, बीडला, ती आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. आपली खरी सवारी एसटी. तरीही मी हा विषय घेतला, कारण तो मला याच तालुक्यातल्या एका बाईंनी दिला.

माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत असतो. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. त्याने एकदा नेवार्क ते पॅरिस असा प्रवास 'ला कंपनी' नावाच्या फ्रेंच विमानाने केला आणि मला फोन केला. म्हणाला, "सर, या विमानात पडदाच नाही. पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळा बिझनेस क्लास. आणि भाडं मोठ्या कंपन्यांच्या बिझनेसपेक्षा खूप कमी. सगळे सारखे!" हेच त्याने आईला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मंग बाकीची मान्सं कशानं जात्यात?"

मी चाळीसेक वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. समतेवर इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. आज त्याचे उत्तर इतिहासात शोधू या.

आधी हा पडदा आला कुठून ते बघा. सुरुवातीचे विमान हे श्रीमंतांचेच वाहन होते, त्यामुळे तिथे वर्गांची गरजच नव्हती. १९५२ साली विमान कंपन्यांनी आपसांत ठरवून अटलांटिकवर 'टुरिस्ट' भाडे सुरू केले, १९५८ साली 'इकॉनॉमी' आले. म्हणजे सामान्य माणूस विमानात शिरला आणि त्याच्याबरोबर पडदाही शिरला. मधला 'बिझनेस क्लास' आला १९७०च्या दशकाच्या शेवटी. कंपनीच्या पैशाने पूर्ण भाडे भरून जाणारा माणूस कुरकुर करू लागला की, मी स्वस्त तिकिटवाल्याच्या शेजारी का बसू? तेव्हा त्याच्यासाठी वेगळी जागा आखली गेली.

आता १९७७ साल घ्या. त्या वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत जगात एकच वर्ग असलेली तीन वाहने धावू लागली. मला हा योगायोग फार बोलका वाटतो.

पहिले, २६ सप्टेंबर १९७७. फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकाची 'स्कायट्रेन'. लंडन ते न्यूयॉर्क, ५९ पौंड. आरक्षण नाही, त्या दिवशी रांगेत उभे राहायचे आणि तिकीट घ्यायचे. जेवण हवे तर वेगळे पैसे. आपल्या एसटीसारखाच कारभार म्हणा ना! दुसरे, २२ नोव्हेंबर १९७७. ध्वनीपेक्षा वेगवान असे काँकॉर्ड विमान न्यूयॉर्कला नियमित जाऊ लागले. त्यातही एकच वर्ग. शंभर खुर्च्या, पण भाडे इतर विमानांच्या पहिल्या वर्गापेक्षाही जास्त.

आणि तिसरे, २६ डिसेंबर १९७७. मुंबई व्हीटी ते हावडा, गीतांजली एक्सप्रेस. पहिला वर्ग नसलेली, वर्गविहीन गाडी. ती सुरू करणारे रेल्वेमंत्री होते प्रा. मधू दंडवते. आपल्या शेजारच्या नगरला जन्मलेले, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले, राजापूरचे खासदार.

तिन्ही वाहनांत पडदा नाही. पण तिन्हींचा अर्थ एक आहे का? आपल्याकडची पंगत डोळ्यांसमोर आणा. एकाच पंगतीत सगळे बसले, एकच वाढप झाले, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण ती पंगत दोन रीतींनी होते. एक, आपल्याच तोलामोलाच्या लोकांना निमंत्रण द्यायचे. मग भेदभावाचा प्रश्नच येत नाही, कारण ज्याच्याशी भेद करायचा तो दाराबाहेरच आहे. दुसरी, गावाला बोलवायचे आणि सगळ्यांना एका ओळीत बसवायचे. आत येऊन पाहणाऱ्याला दोन्ही पंगती सारख्याच दिसतील. फरक दिसतो तो उंबऱ्याबाहेर उभे राहिल्यावर. त्या बाईंचा प्रश्न उंबऱ्याबाहेरचा होता.

काँकॉर्डचे शेवटचे प्रवासी उड्डाण २००३ साली झाले. त्यानंतर दोनच वर्षांत अटलांटिकवर नवी कल्पना आली. संपूर्ण विमान बिझनेस क्लासचे, पण परवडेल असे. ऑक्टोबर २००५ मध्ये 'इऑस' आली. एरवी दोनशेच्या आसपास माणसे नेणाऱ्या बोइंग ७५७ मध्ये तिने फक्त ४८ खुर्च्या ठेवल्या. १ नोव्हेंबर २००५ रोजी 'मॅक्सजेट' आली. ती स्वस्तातली, १०२ खुर्च्यांची. २००७च्या जानेवारीत लंडनजवळच्या ल्यूटनहून 'सिल्व्हरजेट' आणि पॅरिसहून 'लाव्हियाँ' निघाल्या.

आणि मग काय झाले? मॅक्सजेट २४ डिसेंबर २००७ला, ऐन नाताळच्या तोंडावर बंद पडली. इऑस एप्रिल २००८ मध्ये, सिल्व्हरजेट मे महिन्यात. लाव्हियाँ त्याच जुलैत ब्रिटिश एअरवेजने विकत घेतली. चार कंपन्या, अडीच-पावणेतीन वर्षांत खेळ आटोपला.

कारणे समजून घेण्यासारखी आहेत. खनिज तेल २००८च्या जानेवारीत पिंपाला शंभर डॉलरला टेकले आणि जुलैत १४७च्या घरात गेले. बँकांनी हात आखडता घेतला. ही झाली बाहेरची कारणे. आतले कारण जास्त महत्त्वाचे. विमानाची खुर्ची ही बाजारातल्या कोथिंबिरीसारखी असते. आज विकली गेली नाही तर उद्या तिची किंमत शून्य. साध्या विमानात पुढच्या मूठभर खुर्च्या मोठी कमाई देतात हे खरे, पण मागचे दोन-अडीचशे लोक आणि पोटातला माल इंधनाचा भार उचलत असतात. मंदी आली की कंपन्या आधी साहेबांचे प्रवास कापतात. तेव्हा मोठ्या विमानाला मागच्यांचा आधार राहतो. ज्याने मागच्यांना उतरवूनच टाकले आहे, त्याला आधार कुणाचा? शिवाय घाईतल्या व्यापाऱ्याला दिवसातून अनेक फेऱ्या हव्या असतात, एक चुकली तर दुसरी. तीन-चार विमानांच्या कंपनीला ते जमत नाही.

म्हणजे गंमत बघा. पडद्यामागची माणसे नकोत म्हणून काढून टाकली, तेव्हा कळले की पडद्यापुढचा थाट त्यांच्याही खांद्यावर उभा होता.

आपल्या पुण्यातही हा प्रयोग झाला. २००८ साली लुफ्तान्साने पुणे ते फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली, तेव्हा त्या छोट्या विमानातल्या सगळ्या जागा बिझनेस क्लासच्या होत्या. चाकण परिसरात जर्मन मोटार कारखाने येत होते, साहेबांची ये-जा वाढत होती. पुढे त्याच सेवेत इकॉनॉमीच्या जागा आल्या. हिशेब तिथेही मागच्यांपाशी येऊन थांबला.

मग 'ला कंपनी' कशी टिकली? २०१४ साली सुरू झालेली ही कंपनी लहान राहिली. मध्ये तिने लंडनचाही मार्ग धरला होता, तो २०१६ साली सोडून दिला. आता कमी इंधन पिणाऱ्या एअरबस ए-३२१ निओमध्ये ७६ खुर्च्या, मोजकी ठिकाणे, आणि साहेबांइतकाच भर सुट्टीवर जाणाऱ्या माणसांवर. तिने आपली पंगत लहान ठेवली, म्हणून ती चालली. यात मी तिला दोष देत नाही. चांगली खुर्ची कमी पैशांत देणे हा काही गुन्हा नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या पाठीला आराम मिळाला, याचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्याला समता म्हणू नये.

आता तुम्ही म्हणाल, सर, दंडवत्यांची वर्गविहीन गाडी तरी टिकली का? प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. गीतांजली अजून धावते, पण पुढे तिला वातानुकूलित डबे लागले. वर्गविहीन ती राहिली नाही. लेकरची स्कायट्रेन तर १९८२च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. म्हणजे पडदा काढून टाकण्याचे तिन्ही प्रयोग शेवटी मागे पडले. माणसाला जास्त पैसे देऊन जास्त सोय हवी असते. ही इच्छा कायद्याने पुसता येत नाही.

पण दंडवत्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. ती गाडीपेक्षा लहान दिसते. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला होता. पाटी बदलली, पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात माणूस लाकडी फळीवरच झोपत होता. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. वरच्यांचे त्यांनी काही काढून घेतले नाही. खालच्याची पाठ फळीवरून उचलली. आणि ती सुधारणा कुणी मागे घेऊ शकले नाही. पुढे कितीतरी मंत्री आले, सरकारे बदलली, पण फोम काढून पुन्हा फळी आणा असे म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही.

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला एक भेद करावासा वाटतो. 'एकच वर्ग' हे वर्णन आहे, मूल्य नव्हे. दसऱ्यानंतर आपल्या तालुक्यातून कारखान्यांकडे जे ट्रक निघतात, त्यांच्या हौद्यात बायका, लेकरं, भांडीकुंडी, कोयते सगळे एकत्र असतात. तिथेही पडदा नाही. शंभर टक्के एकच वर्ग! त्याला समता म्हणायला आपली जीभ रेटेल का? नाही ना? मग वाहनात पडदा आहे की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की सगळ्यात शेवटी बसलेल्या माणसाच्या पाठीखाली काय आहे?

दंडवते गेले १२ नोव्हेंबर २००५ला. अटलांटिकवर ती स्वस्त बिझनेस क्लासची विमाने नुकतीच उडू लागली होती. त्यातली बहुतेक आज कुणाला आठवतही नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याने आईच्या प्रश्नाचे उत्तर मला विचारले होते. मी त्याला म्हणालो, "बाळा, बाकीची माणसं मागच्या विमानानं जातात, इकॉनॉमीत, गुडघे पोटाशी घेऊन. आणि तुझे आईवडील ज्या ट्रकनं गेले, त्या ट्रकनं आजही कुणी तरी जातंय." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आईला तिकीट काढतो ते बिझनेसचंच काढणार." मी म्हटले, जरूर काढ. तिने फळीही सोसली आणि हौदाही सोसला. तिला पाय लांब करून झोपू दे.

पण बीडहून आता रेल्वे सुटते. येत्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या माणसांना हौद्याऐवजी बसायला बाक मिळेल का, एवढे तरी आपण आपल्या निवडून दिलेल्यांना विचारू या. दोन इंचांचाच प्रश्न आहे.