एफ कॉर्ड आणि भातखंडे

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी पुरातत्त्व खात्याचं उत्खनन असतं. यंदा माळ्यावरून निघालेल्या वस्तू: एक बंद पडलेला स्टॅबिलायझर, फर्स्ट इयरचा ड्राफ्टर, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली माझी गिटार. तारा गंजून तपकिरी झालेल्या, आणि आतून वाळवीच्या पावडरीचा वास.

दहावीला बरे मार्क पडले म्हणून बाबांनी घेऊन दिली होती. चेंबूरला क्लास लावला, सात-आठ महिने गेलो, चार कॉर्ड शिकलो. मग अकरावी. "बारावी झाली की कर परत सुरू," बाबा म्हणाले. बारावी झाली की इंजिनीअरिंग, इंजिनीअरिंग झालं की नोकरी, नोकरी लागली की रिलीज... ही 'झाली की'ची साखळी कशी चालते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर नव्या तारा आणल्या आणि रात्री साडेदहानंतर, कानाला हेडफोन लावून, ऑनलाइन धडे सुरू केले. शिकवणारे जस्टिन सँडरको. मूळचे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे, पुढे लंडनमध्ये राहून यांनी २००३ पासून गिटारचे धडे इंटरनेटवर फुकट द्यायला सुरुवात केली. त्यांचा एक लाडका व्यायाम आहे: एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा ये-जा करता येते ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. मोजायचं आणि लिहून ठेवायचं म्हटल्यावर आपण खूशच! पहिल्या दिवशी ए ते डी चौदा वेळा. पंधरा दिवसांनी एकतीस. मी चक्क एक्सेलमध्ये ग्राफ काढला.

आजी दारातून बघत होती. म्हणाली, "समोर कोण नाही, चुकलास तर सांगणारं कोण नाही. याला शिकणं म्हणत नाहीत रे, नक्कल म्हणतात."

लागलं जरा. कारण आजीचा अधिकार आहे. तिने लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत गाणं केलंय. पण आम्हा लोकांची एक वाईट सवय असते. कोणी 'हे चूक आहे' म्हटलं की ही ओळ कोणी, कधी आणि का लिहिली ते आधी खणायचं. गुरू समोर नसताना संगीत शिकायची ही भानगड नक्की कोणी सुरू केली? शोधत निघालो आणि पहिला पुरावा आजीच्याच कपाटात सापडला: भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचा एक भाग, पुठ्ठा निखळलेला.

विष्णु नारायण भातखंडे हे नाव आपण शाळेत ऐकून विसरलेलो असतो. पण त्यांचा बायोडेटा बघा. जन्म १८६०, वाळकेश्वर. १८८५ ला बी.ए., १८८७ ला एलएल.बी., व्यवसाय वकिली. म्हणजे पोटापाण्याचा धंदा दुसराच, आणि संगीत फावल्या वेळात! १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. पारशी मंडळींनी काढलेली ही संस्था. सतार शिकले, धृपदं शिकले. घराण्यात जन्म नाही, लहानपणापासून उस्तादाच्या घरी पाणी भरलेलं नाही. आपल्यासारखाच शिकलेला शहरी माणूस, संध्याकाळी काम संपल्यावर गाणं शिकणारा.

आणि त्यांना तोच प्रॉब्लेम आला जो अशा माणसाला येतो. विद्या सगळी लोकांच्या गळ्यात, कागदावर जवळजवळ काही नाही. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हेने गाणार, आणि का असं विचारलं तर 'आमच्याकडे असंच आहे' हे उत्तर. (डॉक्युमेंटेशन नसलेल्या जुन्या सिस्टिमवर ज्यांनी काम केलंय त्यांना हे दुःख कळेल.) चिजा तर तिजोरीत ठेवल्यासारख्या, मुलाला आणि जावयाला मिळायच्या, बाहेरच्याला नाही. भातखंडे गावोगाव फिरले, १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा केला, पुढे जयपूरच्या महंमद अली खान कोठीवाल यांच्याकडून चिजा मिळवल्या, रामपूरच्या नवाब हमीद अली खानांचं शिष्यत्व पत्करलं. आणि जे मिळालं ते सगळं लिहून छापून टाकलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणा शिकलं की कोणीही, अगदी कोणीही, चीज वाचू शकतो.

त्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणलं. वर्ग, इयत्ता, छापील पुस्तकं, परीक्षा. आजीची मध्यमा तिथूनच आली. म्हणजे गुरूशिवाय विद्या नाही असं सांगणारी आमची आजी स्वतः ज्या वाटेने गाणं शिकली ती वाट त्या काळातल्या 'ऑनलाइन क्लास'चीच होती की! हे तिला सांगायचा मोह आवरला. जेवण तिच्याच हातचं असतं.

बरं, हे झालं गाण्याचं. गिटारचं काय?

गिटारवाले आज ज्याच्यावर जगतात ते 'टॅब' म्हणजे सहा आडव्या रेघा, सहा तारांच्या, आणि त्यावर आकडे: कोणत्या पट्टीवर बोट ठेवायचं ते. स्वराचं नाव माहीत नसलं तरी चालतं. मला वाटायचं हा इंटरनेटवाल्यांचा जुगाड. पण १५३६ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात लुईस दे मिलान यांनी व्हिउएला नावाच्या, गिटारच्या चुलतबहिणीसारख्या वाद्याचं एक पुस्तक छापलं, ते याच पद्धतीत आहे. सहा रेघा, त्यावर आकडे, आणि सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, अगदी आजच्या टॅबसारखी. ज्याने कधी वाद्य हातात धरलं नाही त्याच्यासाठी लिहिलेलं पुस्तक. नाव 'एल माएस्त्रो', म्हणजे 'गुरुजी'. गुरुजींचं काम करणाऱ्या पुस्तकाला सरळ गुरुजीच म्हणून टाकलं :)

आता १५३६ हे साल आपल्या नकाशावर लावून बघा. त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालची मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली होती. गोवा तर १५१० पासूनच त्यांच्याकडे. आणि गोव्यात पोर्तुगीजांनी चर्चसोबत पॅरिश शाळा आणल्या. प्रार्थनेत गायला पोरं हवीत म्हणून गावातल्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवायचं, व्हायोलिन हातात द्यायचं. हेतू धर्माचा, पण परिणाम असा झाला की चार शतकांनंतर मुंबईला जेव्हा कागद बघून वाजवणारे वादक हवे झाले, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरात, पोलीस बँडमध्ये, आणि मग बोलपटांच्या स्टुडिओत, तेव्हा ते तयार होते. धोबीतलावच्या कुडांमधून, म्हणजे त्या त्या गावाच्या क्लबांमधून, खाट भाड्याने घेऊन राहणारे गोंयकार.

आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर चेंबूरला आर. के. स्टुडिओ होता. २०१७ मध्ये आग लागली, पुढे जागा विकली गेली. आर. के.च्या सिनेमांना संगीत देणाऱ्या शंकर-जयकिशन यांचे अरेंजर होते सेबॅस्टियन डिसोझा, गोव्याचे. पुणतांब्याच्या आपल्या चितळकर अण्णांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, 'अलबेला'च्या (१९५१) वेळी साथ होती अल्दोन्याच्या चिक चॉकलेट यांची, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पुढे त्यांचं नाव सिनेमातल्या गाण्यात जाऊन बसलं आणि माणूस मागे राहिला. ही माणसं नसती तर आपल्या सिनेसंगीतातला अर्धा ऑर्केस्ट्रा कागदावर उतरलाच नसता. पण पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली.

गिटारला गाण्यात मानाची जागा मिळायला मात्र सत्तरचं दशक उजाडलं. 'दम मारो दम' (१९७१) ची सुरुवात ज्या गिटारने होते ती भूपिंदर सिंग यांची. गायक म्हणून आपण त्यांना ओळखतो. २०२२ मध्ये ते मुंबईत गेले. ती सुरुवात घरात बसून, कॅसेट मागे-पुढे करून बसवायचा प्रयत्न त्या पिढीतल्या किती पोरांनी केला असेल! कॅसेटचं रिवाइंड बटण हासुद्धा एक गुरूच की. न कंटाळता तेच पुन्हा सांगणारा.

मग आलं इंटरनेट. १९९२ पासून 'ओल्गा' नावाच्या ऑनलाइन संग्रहात जगभरची पोरं कानाने ऐकून काढलेले टॅब टाकायला लागली. निम्मे चुकीचे, पण फुकट. २००६ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून प्रकाशकांच्या नोटिसा आल्या आणि तो बंद पडला. तोवर यूट्यूब आलेलं होतं. २००५ च्या त्या गाजलेल्या व्हिडिओत एक कोरियन मुलगा, लिम जाँग-ह्यून, टोपी डोळ्यांवर ओढून पाखेलबेलच्या कॅननची रॉक आवृत्ती वाजवतो. चेहरा दिसतच नाही. दिसतात फक्त बोटं, आणि लाखो लोकांनी ती बोटं बघून गिटार धरली. चिजा तिजोरीत ठेवणाऱ्या उस्तादांपासून थेट इथपर्यंत.

इथपर्यंत शोधून झाल्यावर मी आजीविरुद्धची केस जिंकल्यात जमा होती.

मग एफ कॉर्ड आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिल्या बोटाने पहिल्या पट्टीवर सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी वर आकार करायचा. निम्मे लोक इथेच गिटार परत माळ्यावर टाकतात. मी जिद्दीने रोज अर्धा तास दाबत बसलो. एक्सेलचा ग्राफ सपाट. तिसऱ्या आठवड्यात डावं मनगट दुखायला लागलं. चौथ्यात सकाळी कीबोर्डवर अंगठा टेकवेना. डॉक्टर म्हणाले शिरेला सूज आहे, तीन आठवडे गिटार बंद, आणि टायपिंगसुद्धा जमेल तेवढं कमी. टायपिंग कमी! रिलीजच्या महिन्यात! मॅनेजरला काय सांगू, छंदामुळे हात गेला? पहिल्यांदा खरंच घाबरलो. ज्या हातावर पोट आहे तोच हात होता तो.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक गोवन अंकल राहतात. वय सत्तरीच्या पुढे, उमेदीच्या काळात लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. लिफ्टमध्ये त्यांनी मनगटाचा पट्टा बघितला, काय झालं विचारलं, आणि बरं झाल्यावर गिटार घेऊन वर ये म्हणाले. गेलो. कॉर्ड धरली. त्यांनी चार सेकंद बघितलं.

"अरे बाबा, गळा कशाला दाबतोस तिचा?"

माझा अंगठा मानेच्या वरून आवळलेला होता, मनगट काटकोनात मोडलेलं, कोपर बाहेर फेकलेलं. अंकलनी अंगठा मानेच्या मागे मधोमध आणला, कोपर पोटाजवळ ओढलं, पहिलं बोट किंचित कुशीवर वळवलं. "आता दाबू नको. हाताचं वजन सोड." सहा तारांपैकी पाच वाजल्या.

चार सेकंद. आणि हेच सगळं जस्टिन यांनी धड्यात स्पष्ट सांगितलेलं होतं, मी नंतर परत बघितलं. अंगठा, मनगट, कोपर, सगळं. मी ऐकलंही होतं. फक्त माझा अंगठा तसा नाहीये हे मला दिसत नव्हतं. मी स्क्रीनकडे बघत होतो; स्क्रीन माझ्याकडे बघत नव्हती.

त्या रात्री आजीचं भातखंडे पुन्हा काढलं. आधी मी फक्त छापलेलं बघितलं होतं. या वेळी कडेचा मोकळा कागद बघितला. सगळीकडे बारीक पेन्सिल. 'इथे थांबणे.' 'ग लागत नाही, रोज २० वेळा.' 'घाई!' आजीच्या बाईंचं अक्षर.

भातखंड्यांना हे ठाऊक असणार. त्यांनी १९१० पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला, तो गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य अडतो, विचारतो, गुरू समजावतो. छापील पुस्तकातसुद्धा त्यांना अडणारा शिष्य घ्यावासा वाटला. आणि पुस्तकं छापून ते थांबले नाहीत. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं केलं, जिथे तीच पुस्तकं समोरासमोर बसून शिकवली जातील. पुस्तकाने दार उघडायचं. आत गेल्यावर चूक दाखवायला माणूस लागणार.

आजीला पेन्सिलीच्या त्या ओळी दाखवल्या. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "फार ओरडायच्या." आणि पुस्तक काही परत दिलं नाही.

सध्या असं चाललंय: आठवडाभर रात्री जस्टिन, रविवारी सकाळी अंकल. फी म्हणून येताना गोवंडी स्टेशनजवळून पाव आणायचे, बस्स. एफ अजून स्वच्छ वाजत नाही. सहावी तार रुसलेलीच आहे. पण मनगट दुखत नाही.

असो. उद्या रविवार.