पाचवी पास मास्तरीण

फौजेतून निवृत्त झालेले सोबती मला विचारतात, “बी.एड. नाही, तरी शाळेत शिकवता येईल का?” उत्तर देण्याआधी राजस्थानात जाऊ.

तिथल्या दुर्गम गावांत सरकारी शिक्षक नेमला जाई, पण टिकत नसे. शाळेला कुलूप. अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाच्या संस्थेने सत्तरच्या दशकात गावातल्याच तरुणांना शिकवायला उभं केलं. तोच धागा धरून 1987 साली स्वीडनच्या मदतीने राज्यात ‘शिक्षाकर्मी’ योजना आली. पात्रता काय? पुरुष आठवी पास, बाई पाचवी पास. दिवसा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी सोयीच्या वेळी ‘प्रहर पाठशाला’ भरत.

पण एक गोष्ट विसरू नका. पदवी नव्हती, तरी तयारी होती. आधी प्रशिक्षण, नंतर वेळोवेळी उजळणी. चौकीवर माणूस हजर हवा, आणि त्याला हत्यार चालवताही यायला हवं, हे आपण फौजी जाणतोच.

दुसरी बाजूही आहे. त्यांना पगार नव्हे, मानधन मिळे. गरिबाच्या मुलाला स्वस्तातला शिक्षक, ही टीका खोटी नव्हती.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीसाठी प्रशिक्षण सक्तीचं झालं. नोकरीतल्या अप्रशिक्षितांना शेवटची मुदत 31 मार्च 2019 पर्यंत मिळाली.

तेव्हा सोबत्यांनो, आधी अभ्यासक्रम पूर्ण करा. मात्र पदवी हाती आल्यावर त्या पाचवी पास बाईसारखं रोज शाळेत हजर राहा. जय हिंद.