चित्रकार अंकाचा मालक होतो

१९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक निघाला, तेव्हा दीनानाथ दलाल तिशीच्याही आत होते. मडगावचा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण आणि केनेडी ब्रिजजवळचा दलाल आर्ट स्टुडिओ. पुस्तकाचं वेष्टन, मासिकाचं मुखपृष्ठ, कथेची चित्रं अशी कामं त्यांच्याकडे येत होतीच. त्या कामांवर सुखानं राहता आलं असतं. तरी त्यांनी स्वतःचा अंक काढला आणि मराठी नियतकालिकांच्या जगात एक उलथापालथ झाली. आतापर्यंत चित्रकार लेखकाच्या घरी पाहुणा म्हणून जात होता. आता नामवंत लेखक चित्रकाराच्या अंकात लिहू लागले.

हे पाहुणेपण जुनं होतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक १९०९ साली मुंबईत काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. तेव्हापासून चित्रं होतीच, पण ती मजकुराच्या सोयीनं. त्याला कारण खर्चाचं होतं. चित्र छापायचं तर त्याचा धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे. तिरंगी चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक आणि तोच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा काढणं आलं. रंग केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. एवढा पैसा कुठल्या चित्रावर घालायचा, ते किती मोठं छापायचं, हे अंकाचा मालक ठरवी. म्हणून चित्रकाराला चित्राची जागा आपल्या मनाप्रमाणे हवी असेल, तर मालकीखेरीज खात्रीचा मार्ग नव्हता.

मुंबईला चित्रांच्या नियतकालिकाची ओळख 'मनोरंजन'च्याही आधीची. लंडनच्या 'पंच'वरून स्फूर्ती घेऊन १८५४ साली इथे 'पारसी पंच' निघाला आणि पुढे तो 'हिंदी पंच' झाला. मराठीत संपादकाच्या खुर्चीत बसलेला चित्रकार मात्र मुंबईबाहेर सापडतो. शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकलेले. 'शंवाकि' या सहीनं ते व्यंगचित्रं काढत. पण त्यांनी संपादलेली १९२०ची 'किर्लोस्कर खबर' कारखान्याच्या पोटी जन्मली होती, तिच्या पाठीशी किर्लोस्करवाडी उभी होती. दलालांच्या पाठीशी त्यांचा कुंचलाच होता.

'दीपावली'त हा फरक पानापानावर दिसतो. एका विषयावरची रंगीत चित्रमालिका, तिच्यामागे कथा, मग कविता, मग व्यंगचित्रं. चित्राला इथे कथेचा आधार लागत नसे. दलालांची ठाम, वळणदार रेषा आणि सपाट, स्वच्छ रंग ही मराठी वाचकाच्या डोळ्यांना लागलेली सवय होती; या अंकानं त्या सवयीला हक्काचं घर दिलं. व्यंगचित्राची अतिशयोक्ती आणि लघुचित्रांच्या धाटणीची सजावट एकाच हाताला साधते, हे इतक्या जवळून दाखवणारा अंक तोवर मराठीत नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

गोव्याहूनच आलेले रघुवीर मुळगावकरही याच वाटेनं गेले. देवादिकांची दिनदर्शिकांवरली चित्रं आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं या दोहोंमुळे त्यांचं नाव घरोघर पोचलं होतं. त्यांनी 'रत्नप्रभा' आणि 'रत्नदीप' हे आपले अंक काढले. दोघांच्या शैलीत जमीन-अस्मानाचं अंतर. मुळगावकरांची मऊ, उजळलेली त्वचा दलालांच्या रेषेला परकी आणि दलालांची रेषा मुळगावकरांच्या मऊपणाला. चाहत्यांचेही दोन तट होते.

वर्षातून एकदा येणाऱ्या अंकापेक्षा आठवड्याचं पत्र चालवणं अवघड. ते धाडस दादरला झालं. बाळ ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार होते. काही काळ आर. के. लक्ष्मण तिथेच त्यांचे सहकारी होते. ती नोकरी सोडल्यावर काही सहकाऱ्यांबरोबर 'न्यूज डे' हे दैनिक काढून झालं, ते फार टिकलं नाही. मग १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ आणि श्रीकांत या दोघा भावांनी 'मार्मिक' सुरू केलं. नाव सुचवलं वडिलांनी, प्रबोधनकार ठाकरे यांनी. त्यांनी १९२१ साली 'प्रबोधन' काढून स्वतःच्या पत्राची धग भोगली होती. घरात हा वारसा होताच. प्रकाशन दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झालं. दिल्लीत १९४८ साली व्यंगचित्रकार शंकर यांच्या 'शंकर्स वीकली'चं प्रकाशन पंतप्रधान नेहरूंनी केलं होतं. ज्यांची चित्रं काढायची, त्यांनाच पहिल्या अंकाला बोलावण्याची रीत दोन्हीकडे सारखी.

'मार्मिक'च्या मधल्या दोन पानांवर 'रविवारची जत्रा' भरे: आठवड्याचं राजकारण एकाच मोठ्या पसाऱ्यात, लहान-मोठ्या कितीतरी चित्रांतून. नोकरीतल्या व्यंगचित्रकाराला एवढा ऐसपैस पट कोण देणार? श्रीकांत ठाकरे संगीतकारही होते. 'शुद्ध निषाद' या नावानं ते चित्रपटांची परीक्षणं लिहीत. लालबाग-परळच्या गिरण्यांतला कामगार आणि दादर-गिरगावचा कारकून, दोघांनाही 'मार्मिक'मध्ये आपलं काही सापडे.

मालकीची दुसरी बाजूही इथेच उघडी पडते. 'वाचा आणि थंड बसा' या सदरात कंपन्या-कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या आणि साप्ताहिकाचा सूर बदलला. दाक्षिणात्य मुंबईकरांविरुद्धचा रोष त्यातून पेटला. पुढे १९ जून १९६६ रोजी बाळ ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. थांबवणारा कोणी नसतो तेव्हा व्यंगचित्राची ताकद वाढते, आणि तिच्या परिणामांची जबाबदारीही कुणा संपादकावर ढकलता येत नाही. 'मार्मिक'ची थोरवी सांगताना हे वगळलं, तर ती कुळकथा अर्धवट राहील.

बाहेरच्या जगात चित्रकथांच्या कलावंतांनी मालकीचा हा आग्रह बराच नंतर गाजवला. पॅरिसमध्ये चित्रकार मोबियस आणि त्यांचे साथीदार १९७४ साली एकत्र आले आणि त्यांनी 'मेताल उर्लां' हे चित्रकथांचं नियतकालिक काढलं. विज्ञानकथेपासून अद्भुतापर्यंत सगळं त्यात होतं. अमेरिकेत मार्व्हल सोडलेल्या सात चित्रकारांनी १९९२ साली 'इमेज कॉमिक्स' उभारलं. मुंबईत मात्र चित्रकथा उलट्या दिशेनं वाढली. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'साठी राम वाईरकरांनी 'कृष्ण' रंगवला, पुढे 'टिंकल'मधल्या सुप्पांडीला त्यांच्याच हातानं रूप आलं. ती रेषा देशभर गेली, हक्क प्रकाशनाकडे राहिले. चित्रकथेला दलालांसारखा मालक मराठीत लाभला असता, तर तिची वाट निराळी झाली असती.

दलाल १९७१च्या जानेवारीत गेले. 'दीपावली' बंद पडली नाही. पुढे ती गिरगावच्या 'मॅजेस्टिक' प्रकाशनाच्या अशोक कोठावळे यांच्या संपादनाखाली निघत राहिली. त्याच 'मॅजेस्टिक'च्या 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वसंत सरवटे १९६४ पासून वर्षानुवर्षं करत राहिले. ते दिवसा एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. अंक त्यांच्या मालकीचा नव्हता, पण पोटही त्या चित्रांवर चालत नव्हतं, आणि मुखपृष्ठावर ते मराठी लेखकांची हवी तशी फिरकी घेत.