कालव्याचा उंबरठा

इंग्लंडातील कालव्यांवर बोलायला आम्ही उभे राहिलो याचे काहींना नवल वाटले असेल. युनियनच्या कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला सहलीच्या होड्यांशी काय कर्तव्य? परंतु ज्या पाण्यावर आज लोक सुटी घालवतात, ते पाणी कोणी अडवले आणि त्यावर कोण राबले, हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे.

१७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या खाणींतील कोळसा कालव्याने मँचेस्टरच्या वाटेला लागला आणि पुढे देशभर कालवे खणले गेले. खणणारी हत्यारे कुदळ, फावडे आणि हातगाडी. या मजुरांना 'नॅव्ही' म्हणत. पुढे रेल्वे बांधणाऱ्यांनाही तेच नाव चिकटले.

पाणी सपाट, जमीन मात्र चढउताराची. म्हणून पाण्याच्या पायऱ्या बांधल्या. त्यांना लॉक म्हणतात. डिव्हायझेसच्या केन हिलवर दोन मैलांत २९ लॉक होडीला २३७ फूट चढवतात. हे काम १८१० साली पुरे झाले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. जोडदारे वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. पाण्याचा भारच त्यांना दाबून धरतो. दोन्हीकडचे पाणी समपातळीस आल्याखेरीज दार उघडत नाही. पाणी आतबाहेर करायला झडपा असतात. त्या हाताच्या किल्लीने फिरवाव्या लागतात.

खरा धोका उतरताना. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असतो तेव्हा तो दिसत नाही. पाणी उतरले की उघडा पडतो. होडीचा मागचा भाग त्यावर टेकला, तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि पाहता पाहता होडी बुडते. म्हणून काठावर रेघ आखलेली असते. होडीचे शेपूट तिच्या पुढेच ठेवायचे. दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नाही; एक वेढा देऊन टोक हातात धरायचे. झडपेपाशी सावध माणूस हवा. होडी अडकलीच, तर खालच्या झडपा ताबडतोब बंद कराव्या आणि मग वरच्या बेताने उघडून हौद पुन्हा भरावा. फिरवून झालेली किल्ली दांड्यावर ठेवू नये. झडप निसटली तर ती गरगरत अंगावर येते.

ही शहाणीव नावाड्यांच्या बिऱ्हाडांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. सात फूट रुंद होडीच्या टीचभर खोलीत त्यांचे संसार चालत. त्यांच्या मुलांसाठी जॉर्ज स्मिथ या गृहस्थांनी आवाज उठवला, तेव्हा १८७७ साली कायदा झाला. १९२३ साली ब्राउन्स्टन येथे मजुरीसाठी याच नावाड्यांनी संप केला.

१९४८ साली बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी गोठले आणि मालवाहतुकीचा कणा मोडला. परंतु १९४६ साली स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी कालवे बुजू दिले नाहीत. केन हिलची वाट १९९० साली पुन्हा खुली झाली.

सुटीचा आनंद घेणाऱ्यांवर आमचा राग नाही. कामगाराला सुटी मिळावी म्हणून तर आम्ही भांडलो. एवढेच म्हणतो, उंबरठ्याची रेघ पाहताना तो उंबरठा रचणारा हात आठवावा.