केपच्या किनाऱ्यावर एक दिवस

मंडळी, शाळेची सहल काढायची म्हणजे केवढी उस्तवार असते, हे गुरुजनांना सांगायला नको. जायचा गाव किती लांब, वाटेत पाणी कुठे, दुपारच्या दशम्या कोणत्या झाडाखाली सोडायच्या, अंधार पडायच्या आत पोरे घरी कशी पोचवायची, हे सारे आधी कागदावर मांडावे लागते. आज आपण तशीच एक दिवसाची सहल आखू या. ही सहल आहे आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाशी, केपटाऊन शहराच्या आसपास. सकाळी द्राक्षांचे मळे, दुपारी समुद्राच्या कडेकडेने प्रवास, आणि उन्हे कलताना वाळूवर तुरुतुरु चालणारे पेंग्विन पक्षी. जगभरचे प्रवासी ही सहल हौसेने करतात. आपणही हौसेनेच करू. मात्र प्रत्येक मुक्कामावर एक प्रश्न विचारीत जाऊ, की इथे आधी कोण होते आणि इथे राबले कोण?

तुम्ही म्हणाल, कुठे आपले गाव आणि कुठे ते आफ्रिकेचे टोक! पण संबंध आहे, आणि तो जुना आहे. वास्को द गामा हिंदुस्थानकडे निघाला, तो याच टोकाला वळसा घालून. १४९७ साल सरत आले असताना त्याची गलबते आज ज्याला मोसेल बे म्हणतात त्या उपसागरात थांबली. तिथल्या एका लहान बेटावर खलाशांना विचित्र पक्षी दिसले. बदकाएवढे, उडता न येणारे, आणि ओरडू लागले की थेट गाढवासारखे! खलाशांनी त्यांतले वाटेल तेवढे मारले. त्या सफरीच्या रोजनिशीत ही हकीकत नोंदलेली आहे. ते पक्षी म्हणजेच आफ्रिकेतले पेंग्विन. पुढे १४९८ च्या मे महिन्यात हीच गलबते कालिकतला लागली, आणि बारा वर्षांनी पोर्तुगीजांनी गोवा घेतले. म्हणजे या पक्ष्यांची आणि आपल्या किनाऱ्याची गोष्ट एकाच रोजनिशीत आहे. आणखी एक आठवण सांगतो. १९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची स्थिती पाहायला गेले, ते केपटाऊनच्याच बंदरात उतरले. तिथे त्यांना घ्यायला गांधीजी आले होते.

तर आपणही बंदरापासून निघू. १६५२ च्या एप्रिलमध्ये यान व्हान रीबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमलदार इथे उतरला. कंपनीला राज्य नको होते, हवा होता भाजीपाला. हॉलंडहून पूर्वेकडे जाणारी जहाजे महिनोन्‌महिने समुद्रावर असत. ताजे काही पोटात न गेल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत आणि माणसे दगावत. त्यांच्यासाठी वाटेत पाणी, मांस आणि भाजी मिळावी म्हणून ही वसाहत. कंपनीने ज्या ठिकाणी मळा लावला, तिथे आजही शहराच्या मध्यभागी बाग आहे.

पण जमीन मोकळी पडली होती, असे मात्र समजू नका. तिथे खोईखोई नावाचे गुराखी लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे-मेंढ्या चारीत होते. कंपनीने गायराने नांगरली, तेव्हा भांडण पेटले आणि १६५९ मध्ये लढाई झाली. मग १६६० मध्ये व्हान रीबेकने कडू बदामाच्या झाडांचे कुंपण लावले, की गुराख्यांनी अलीकडे येऊ नये. ज्यांची जमीन, तेच कुंपणाबाहेर! त्या कुंपणाचा काही भाग कर्स्टनबोशच्या वनस्पती उद्यानात अजून उभा आहे. आपल्या वाटेवरच आहे. पाच मिनिटे थांबून तो पाहावा. शेतकऱ्याला कुंपण म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

आता राबणाऱ्या हातांची गोष्ट. बागेला लागूनच एक जुनी इमारत आहे, गुलामांची कोठी. ती १६७९ साली बांधली. आज तिथे संग्रहालय आहे. १६५२ पासून १८०८ पर्यंत सुमारे त्रेसष्ट हजार माणसे गुलाम म्हणून केपला आणली गेली. मादागास्करची, मोझांबिकची, जावा-सुमात्राकडची, आणि मंडळी, त्यांतली जवळजवळ चौथाई हिंदुस्थानातली होती. बंगालची, मलबारची, कोरोमंडल किनाऱ्याची. माणूस विकला की त्याचे नावही जाई. मालक नवे नाव ठेवी, पुष्कळदा महिन्याचेच: फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर. आजही केपटाऊनमध्ये या आडनावांची घराणी आहेत. शाळेच्या हजेरीपटावर ‘सप्टेंबर’ असे आडनाव वाचणाऱ्या तिथल्या मास्तरांना ठाऊक असते, की हे नाव हौसेने ठेवलेले नाही.

इथून पंधरा-एक किलोमीटरवर कॉन्स्टॅन्शियाचे मळे. केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे आपल्याकडे आषाढ-श्रावण चालू असतो त्या दिवसांत. उन्हाळा कोरडा. द्राक्षाला हे हवामान मानवते. जानेवारी ते मार्च हे काढणीचे दिवस. आपल्या नाशिककडच्या बागाही साधारण त्याच सुमारास उतरतात. व्हान रीबेकने वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी रोजनिशीत लिहिले, की आज केपच्या द्राक्षांचा पहिला रस गाळला. द्राक्षाच्या मद्याने खलाशांचा तो आजार दूर राहतो, अशी त्या काळी समजूत होती.

कॉन्स्टॅन्शियाचा मळा वसवला सायमन व्हान डेर स्टेल याने. हा १६७९ मध्ये केपचा मुख्य अंमलदार म्हणून आला आणि १६८५ मध्ये कंपनीने त्याला ही जमीन दिली. आता कान देऊन ऐका. सायमनची आई मारिया लीव्हन्स. आणि तिची आई, म्हणजे सायमनची आजी, घराण्याच्या नोंदीत ‘गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका’ या नावाने येते. आपल्या कोकणपट्टीच्या शेजारची ही बाई. तिचा नातू केपचा धनी झाला. असे वाटावे, की आजीच्या मातीकडून आलेल्या गुलामांविषयी त्याला माया वाटली असेल. पण मळा चालला तो गुलामांच्याच बळावर. रक्त आठवते असे आपण म्हणतो. सत्ता हाती आली की ते विसरतेही.

सायमन १७१२ मध्ये वारला, मळ्याचे तुकडे झाले. १७७८ मध्ये हेन्ड्रिक क्लूटे याने मोठा हिस्सा घेतला आणि त्याच्या हाताखाली कॉन्स्टॅन्शियाचे गोड मद्य युरोपभर गाजले. द्राक्षे वेलावरच जास्त दिवस ठेवून सुरकुतू देत, म्हणजे गोडी आटून येई. सेंट हेलेना बेटावर कैदेत पडलेल्या नेपोलियनलाही हेच मद्य पोचत असे. प्रवाशाला आज पेला पुढे करून ही नेपोलियनची गोष्ट सांगतात. पण खुरपणी-छाटणी कोणी केली, टोपल्या कोणी वाहिल्या, हेही त्याच मळ्यातल्या संग्रहालयात मांडलेले आहे. ते पाहिल्यावाचून निघू नये.

१८३४ च्या १ डिसेंबरला इंग्रजी अमलात गुलामगिरी कायद्याने संपली. तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकाकडे राबावे लागले. १८३८ मध्ये माणसे सुटली. पण जमीन नाही, बैल नाही, घर नाही. मग परत मळ्यावरच. आणि तिथे एक दुष्ट चाल पडली. मजुरीचा काही भाग पैशांत न देता दारूत द्यायचा! दिवसातून अनेकदा टमरेलभर दारू मजुराच्या हाती द्यायची. माणूस व्यसनात अडकला की मळा सोडून जातो कुठे? पुढे कायद्याने बंदी आली, तरी कितीतरी मळ्यांवर ही चाल विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रेंगाळली. त्याचे फळ मुलांनी भोगले. आईच्या पोटात असतानाच दारूची बाधा झालेली मुले जगात जिथे सर्वांत अधिक आढळतात, त्या मुलखांत केपचा हा पश्चिम भाग मोडतो. अशा मुलांना अक्षर लवकर लागत नाही, चित्त ठरत नाही. आपल्यापैकी ज्यांनी दारूने बसलेले घर जवळून पाहिले आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

दुपार झाली. आता समुद्राकडे वळू. म्यूझेनबर्गपासून सायमन्स टाऊनपर्यंत आगगाडीची वाट पाण्याला इतकी लगटून जाते, की भरतीच्या लाटेचे तुषार डब्यावर उडतात. या उपसागराचे नाव फॉल्स बे, म्हणजे फसवा उपसागर. पूर्वेकडून परतणारे खलाशी टोक ओळखण्यात चुकत आणि इथेच शिरत, म्हणून हे नाव. सायमन्स टाऊन हे आरमाराचे जुने ठाणे. पूर्वी ते ब्रिटिश आरमाराचे होते. १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आले. आणि गावाला नाव कोणाचे? आपल्या त्याच सायमन व्हान डेर स्टेलचे.

या गावात गुलामांचे वंशज, कोळी, गोदीतले कामगार पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मशीद होती, देवळे होती, शाळा होत्या. १९६७ मध्ये वर्णद्वेषी सरकारने हुकूम काढला, की हे गाव फक्त गोऱ्यांचे. सुमारे सात हजार माणसांना बिऱ्हाडे उचलून दूरच्या माळावर जावे लागले. मंडळी, त्या कायद्यांत माणसाची गोरा, काळा, मिश्र अशी वाटणी रक्तावरून आणि कातडीवरून होई. गोव्याच्या मोनिकेचा नातू तेव्हा जिवंत असता, तर स्वतःच्या नावाच्या गावात त्याला राहू दिले असते का, याची शंकाच आहे! १९९४ मध्ये ती राजवट संपली. पण मोडलेली आळी परत जशीच्या तशी बसत नाही.

गावाच्या टोकाला बोल्डर्स नावाचा किनारा आहे. घरांएवढे गुळगुळीत धोंडे, मध्ये मऊ वाळू. इथेच आपले पेंग्विन. पेंग्विन म्हटला की आपल्याला बर्फ आठवतो. हा मात्र उन्हातला पक्षी. उंची दोन फुटांच्या आसपास, वजन तीन किलोच्या आगेमागे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्यात मासळी विपुल, म्हणून तो इथे राहतो. मादी बहुधा दोन अंडी घालते, नर-मादी पाळीपाळीने उबवतात. पिसे गळतात तेव्हा तीन आठवडे पाण्यात उतरता येत नाही; तेवढे दिवस उपास.

या पक्ष्यांचीही कहाणी मजुरांसारखीच आहे. एकोणिसाव्या शतकात बेटांवर साठलेली पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, खत म्हणून युरोपला जाऊ लागली. थरच्या थर खरवडून नेले. शेताला खत मिळाले, पण पेंग्विन याच थरांत बिळे करून अंडी घालीत. थर गेला तसे अंडे उघड्यावर आले. ऊन आणि समुद्रपक्षी यांच्या तोंडी गेले. वर माणसांनी अंडी खायला गोळा केली, विसाव्या शतकाच्या आरंभी वर्षाला लाखोंनी. हा उद्योग १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला.

मग १९८२ मध्ये बोल्डर्सच्या वाळूवर पेंग्विनांच्या दोन जोड्या आल्या. उपसागरात मोठ्या जाळ्यांची मासेमारी आवरली होती, लहान मासळी होती, आणि लोकांनी किनारा जपला. दोन जोड्यांचे काही हजार पक्षी झाले. २००० साली एक मालवाहू जहाज बुडून तेल पसरले, तेव्हा सुमारे एकोणीस हजार तेलकट पक्षी हजारो स्वयंसेवकांनी हाताने धुऊन काढले. माणसाने मनात आणले तर काय होते, ते त्यातून दिसते. तरीही संकट टळलेले नाही. सार्डिन आणि अँचोव्ही ही मासळी कमी झाली आहे. २०२४ मध्ये हा पक्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचे जाहीर झाले. वीण करणाऱ्या जोड्या दहा हजारांच्याही आत आल्या आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या हुकमाने सहा वसाहतींभोवती या मासळीची मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली.

फळ्यांच्या पुलावरून हे पक्षी अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. पण हात लावू नये. चोच चाकूसारखी धारदार असते. शांत उभे राहिले की ते गाढवासारखे ओरडणे ऐकू येते, जे गामाच्या खलाशांनी ऐकले होते. पाच शतकांत त्या आवाजात काही फरक पडलेला नाही.

सूर्य कलला, सहल संपली. आता गुरुजनांना एक विनंती. पुढची सहल किल्ल्यावर न्याल, धरणावर न्याल, एखाद्या जुन्या वाड्यावर न्याल. राजाचे नाव आणि सनावळ्या मुलांना सांगालच. त्याबरोबर एवढे विचारायला लावा, की हा दगड कोणी वाहिला, ही जमीन आधी कोणाची होती, आणि ती माणसे पुढे गेली कुठे? उत्तर पुस्तकात सापडले नाही, तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा. पुष्कळदा ते तिलाच ठाऊक असते.