चाउ त्सो-रेन : कलंक आणि कर्तृत्व

राजकीय अधःपाताची छाया लेखकाच्या वाङ्मयावर कोठवर पडते, या प्रश्नाचे चिनी साहित्यातील सर्वांत अवघड उदाहरण चाउ त्सो-रेन (१८८५–१९६७) यांचे होय. लू शून यांचे हे धाकटे बंधू. १९१८ च्या डिसेंबरात त्यांचा ‘माणसाचे साहित्य’ हा निबंध प्रसिद्ध झाला आणि नव्या चिनी साहित्याला नव्या भाषेबरोबरच व्यक्तिमूल्याचा निकषही लाभला. चहा, पाऊस, जन्मगावच्या रानभाज्या अशा साध्या विषयांवरील त्यांच्या लघुनिबंधांनी बोलभाषेच्या गद्याला एक संयत, किंचित तुरट चव दिली.

१९३७ मध्ये जपानी सैन्याने पेकिंग घेतले. विद्यापीठ दक्षिणेकडे गेले. चाउ मागे राहिले. १९३८ मध्ये माओ तुन, लाओ श प्रभृती अठरा लेखकांनी अनावृत पत्र लिहून त्यांना परतण्याचे आवाहन केले. ते व्यर्थ गेले. १९४१ मध्ये जपान्यांच्या छत्राखालील उत्तर चीनच्या शासनात त्यांनी शिक्षणखात्याचे प्रमुखपद स्वीकारले. १९४५ मध्ये अटक झाली. १९४६ मध्ये नानकिंगच्या न्यायालयाने चौदा वर्षांची शिक्षा दिली, ती पुढे दहा वर्षांवर आली. १९४९ च्या जानेवारीत ते सुटले.

सुटका झाली, तरी नाव परत मिळाले नाही. ग्रीक व जपानी ग्रंथांची त्यांची भाषांतरे निराळ्या नावांनी छापली गेली; लू शून यांच्या पूर्वायुष्याच्या आठवणी मात्र त्यांच्याकडून हव्या होत्या. एक स्वतंत्र निबंधकार असा थोरल्या बंधूचा केवळ साक्षीदार होऊन राहिला. १९६६ मध्ये लाल रक्षकांनी छळ केला. पुढील वर्षी मे महिन्यात ते निवर्तले. निबंधांचे पुनर्मुद्रण सुरू झाले ते १९८० नंतरच्या दशकात.

या कलंकाने टीकेचीही एक हानी केली. १९४१ चा अपराध मागे नेऊन १९२० च्या दशकातील निबंधांत शोधला जाऊ लागला. त्यांतील अलिप्तता ही भावी द्रोहाची नांदी ठरली. परंतु अलिप्त राहिलेले सारेच लेखक शत्रूच्या सेवेत गेले नाहीत. उलट, सुंदर गद्याच्या पुण्याईवर ते पद क्षम्य ठरवणे हीही तितकीच दिशाभूल होय. माणसाला माणूस म्हणून मोजावे, हे मराठीतही सहज पटणारे तत्त्व चाउंनीच चीनमध्ये निबंधरूपाने मांडले होते. त्याच मापाने त्यांचे वर्तन उणे ठरते आणि ते माप देणारे निबंध मात्र टिकून राहतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी मान्य करणे, हेच येथे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.