देव न मानणारा नेता अमेरिकेत निवडून येऊ शकतो का?

मे २०१६. डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यात चुरस सुरू होती. त्याच दिवसांत पक्षाच्या राष्ट्रीय समितीतल्या एका अधिकाऱ्याने सहकाऱ्यांना एक ईमेल पाठवला. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण सूचना स्पष्ट होती. हा माणूस देव मानतो का, हे कुणाकडून तरी त्याला विचारून घ्या. उमेदवार ज्यू असणं लोक चालवून घेतील, पण तो नास्तिक निघाला तर केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात मतं फिरतील, असा त्यामागचा हिशेब होता.

जुलैमध्ये विकीलीक्सने हे ईमेल उघड केले. रोख सँडर्स यांच्यावरच होता हे लोकांनी ओळखलं आणि त्या अधिकाऱ्याला माफी मागावी लागली.

गंमत म्हणजे, सँडर्स यांनी स्वतःला नास्तिक म्हटलेलंच नव्हतं. संघटित धर्मात आपण फारसे सक्रिय नाही, एवढंच ते सांगत. पण ज्या देशाच्या राज्यघटनेत नेत्याच्या धर्माची अटच नाही, तिथे नुसत्या संशयावरही उमेदवाराला अडचणीत आणता येईल असं पक्षातल्याच माणसाला का वाटलं?

कायदा काय सांगतो?

१७८७ साली तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या कलमात म्हटलं आहे की, संघराज्याच्या कुठल्याही पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचा जो मजकूर घटनेत आहे, त्यात देवाचं नाव नाही. शेवटी ‘देव मला साहाय्य करो’ असं म्हणतात ती फक्त प्रथा. ज्याला शपथ घ्यायची नसेल त्याला प्रतिज्ञा करण्याची मुभा आहे. १८५३ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी प्रतिज्ञाच केली होती.

राज्यांचं चित्र मात्र वेगळं होतं. मेरीलँडमध्ये रॉय टॉर्कासो यांची नोटरी म्हणून नेमणूक झाली, पण देवावर विश्वास असल्याचं जाहीर करायला त्यांनी नकार दिला, म्हणून ते पद त्यांना नाकारण्यात आलं. ते न्यायालयात गेले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने एकमताने निकाल दिला. टेक्सास, टेनेसी, मिसिसिपी अशा काही राज्यांच्या घटनांत देव मानण्याची अट आजही छापलेली आहे. या निकालामुळे ती लागू मात्र करता येत नाही.

मग अडतं कुठे?

मतपेटीपाशी. ‘तुमच्याच पक्षाने लायक उमेदवार दिला, पण तो नास्तिक असला, तर मत द्याल का?’ असा प्रश्न गॅलप ही संस्था अनेक दशकं विचारत आली आहे. १९५८ साली फक्त १८ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं होतं. २०२० साली हे प्रमाण ६० टक्क्यांवर गेलं. वाढ मोठी आहे, पण त्याच पाहणीत कॅथलिक उमेदवाराला ९५, ज्यू उमेदवाराला ९३, समलिंगी उमेदवाराला ७८ आणि मुस्लीम उमेदवाराला ६६ टक्के लोक मत द्यायला तयार होते. नास्तिकाच्या खाली होता तो फक्त समाजवादी.

दोनशे वर्षांचं हत्यार

१८०० सालच्या निवडणुकीत विरोधकांनी थॉमस जेफरसन यांना नास्तिक ठरवलं होतं. प्रत्यक्षात ते विश्वाचा निर्माता मानत. त्यांचा विश्वास नव्हता तो चमत्कारांवर. ती निवडणूक ते जिंकले.

१८४६ साली इलिनॉयमध्ये अब्राहम लिंकन काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक लढवत होते. समोर मेथडिस्ट धर्मोपदेशक पीटर कार्टराइट होते. लिंकन धर्म मानत नाहीत अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्यांना पत्रक काढावं लागलं. आपण कुठल्याही चर्चचे सदस्य नाही हे त्यांनी त्यात मान्य केलं, पण धर्मग्रंथ आपण कधीच नाकारला नाही असंही लिहिलं. तेही जिंकले.

विसाव्या शतकात शीतयुद्धाने या संशयाला नवी धार आली. सोव्हिएत रशिया ‘देव न मानणारा’ म्हणून ओळखला जात होता, त्यामुळे देव मानणं हे देशप्रेमाचं लक्षण ठरलं. १९५३ साली आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काही दिवसांतच बाप्तिस्मा घेतला. १९५४ साली राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख आला. १९५६ साली ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे देशाचं अधिकृत ब्रीदवाक्य झालं.

उघडपणे सांगणारे किती?

कॅलिफोर्नियाचे पीट स्टार्क १९७३ पासून काँग्रेसमध्ये होते. परमेश्वरावर आपला विश्वास नाही हे त्यांनी २००७ साली जाहीर केलं, म्हणजे तब्बल ३४ वर्षांनी. त्यानंतरही मतदारांनी त्यांना दोनदा निवडून दिलं. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्याच जॅरेड हफमन यांनी स्वतःला मानवतावादी म्हटलं आणि २०१८ साली काही सहकाऱ्यांसोबत काँग्रेसमध्ये मुक्तविचारी सदस्यांचा गट सुरू केला.

ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा यांनी कुठलाच धर्म सांगितला नाही. २०१३ साली त्यांनी बायबलऐवजी राज्यघटनेच्या प्रतीवर हात ठेवून शपथ घेतली. तरीही नास्तिक हे बिरुद त्यांच्या कार्यालयाने नाकारलं.

प्यू रिसर्च सेंटरच्या माहितीनुसार, २०२५ साली सुरू झालेल्या काँग्रेसमध्ये सुमारे ८७ टक्के सदस्य ख्रिस्ती आहेत. हिंदू सदस्य चार आहेत. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार त्यांपैकीच एक. कुठल्याच धर्माशी नातं न सांगणारे मात्र एक टक्काही नाहीत. देशातल्या प्रौढांमध्ये हेच प्रमाण सुमारे २९ टक्के आहे.

नेते गप्प का राहतात?

उत्तराचा एक धागा या २९ टक्क्यांतच आहे. त्यात स्वतःला नास्तिक म्हणवणारे सुमारे ५ टक्के आणि अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे, सुमारे ६ टक्के. बाकीचे ‘विशेष काही नाही’ एवढंच सांगतात. त्यांतले अनेक जण देव किंवा एखादी शक्ती मानतात, फक्त चर्चमध्ये जात नाहीत. म्हणजे ‘मी नास्तिक आहे’ असं म्हणून मिळणारी हक्काची मतं थोडी आणि दुरावणारी जास्त. त्यापेक्षा ‘धर्म ही माझी खासगी बाब आहे’ हे वाक्य सोयीचं पडतं.

१९६० साली जॉन केनेडी यांना कॅथलिक असल्याबद्दल ह्यूस्टनमध्ये जाऊन खुलासा करावा लागला होता. साठ वर्षांनी बायडन निवडून आले, तेव्हा त्यांचं कॅथलिक असणं फारसं कुणाला खटकलं नाही. ‘कुठला धर्म?’ हा प्रश्न अमेरिकी मतदारासाठी बराच मागे पडला आहे. ‘कुठला तरी आहे ना?’ हा प्रश्न मात्र अजून उरला आहे आणि आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाने पदावर असताना त्याचं उत्तर उघडपणे ‘नाही’ असं दिलेलं नाही.